सूर्याकडे पाठ करून: दसरा ते कोजागिरी, मुंबईच्या आभाळाखाली

एकादशी: ओव्हल मैदान

सांगलीहून रात्रीची महालक्ष्मी धरली आणि सकाळी सीएसएमटीला उतरले. ताईचा ओंकार न्यायला आला होता. दसऱ्यानंतर रजा टाकून मी मुंबईला आभाळ बघायला येतेय म्हटल्यावर ताई फोनवर हसली होती. "अगं, आमच्याकडे आभाळ कुठं? दोन टॉवरच्या मधे असतं तेवढंच." पण मी तिथी आणि हवामान दोन्ही बघून निघाले होते. जुलैत आभाळ गच्च, सूर्याचाच पत्ता नाही. जानेवारीत ढग नाहीत आणि धुरकं मात्र पोटभर. परतीच्या पावसाच्या दिवसांत मात्र दुपारपर्यंत कडक ऊन, संध्याकाळी सह्याद्रीकडून गडगडत येणारे ढग आणि पाऊस पडून गेला की धुतलेली हवा, असं सगळं एका दिवसात मिळतं.

फोर्टात एका इराण्याकडे बन मस्का खाल्ला, जरा रेंगाळलो आणि चर्चगेटला जायला ओव्हल मैदानातून निघालो. सव्वानऊ झाले असतील. ऊन होतं, पण सावल्यांच्या कडा पुसट. हे लक्षण मला पाठ आहे. वर पातळ, दुधी पडदा पसरलाय एवढाच त्याचा अर्थ, पण असा पडदा असला की मान वर करायची.

सूर्याकडे थेट बघायचं नाही, म्हणून राजाबाई टॉवरला कामाला लावलं. टॉवर मैदानाच्या पूर्वेला, सूर्यही त्याच बाजूला. दोन पावलं इकडे, चार पावलं तिकडे करत सूर्य बरोबर टॉवरच्या टोकाआड घेतला. आणि त्या टोकाभोवती मोठं गोल खळं! आतली कड तांबूस, रेखीव. बाहेर रंग विरत पांढुरके झालेले. खळ्याच्या आतलं आभाळ बाहेरच्यापेक्षा जरा काळपट. हात लांब करून पंजा ताणला, अंगठा टॉवरच्या टोकावर ठेवला, तर करंगळी खळ्याच्या कडेवर. २२ अंशांचं खळं मोजायची एवढीच रीत, दुसरं उपकरण लागत नाही.

"याने पाऊस येतो ना, मावशी?" ओंकारने विचारलं. खळं पाऊस आणत नाही. पण ते ज्या ढगात पडतं तो सिरोस्ट्रेटस, म्हणजे खूप उंचावरचा पातळ ढग, पुष्कळदा मोठ्या ढगांच्या पुढे पुढे चालतो, म्हणून जुन्या माणसांचा अंदाज बरेचदा खरा ठरायचा. त्या उंचीवर पाणी नाही, बर्फाचे षटकोनी कण असतात. एका बाजूतून किरण आत शिरतो, एक बाजू सोडून पुढच्या बाजूतून बाहेर पडतो, आणि ६० अंशांच्या लोलकातून जावं तसा निदान २२ अंश वळतो. त्याहून कमी वळायची सोयच नाही. म्हणून खळ्याच्या आत काळपट आणि कडेवर उजेडाची गर्दी. लाल सगळ्यांत कमी वळतो, म्हणून तो आतल्या बाजूला. खाली आम्ही ऑक्टोबर हीटमध्ये घामाघूम आणि डोक्यावर कित्येक किलोमीटर उंचीवर बर्फ, हे ओंकारला जास्त भावलं. मैदानात क्रिकेट चालू होतं. उंच उडालेला कॅच घ्यायला वर बघणाऱ्या पोरालाही खळं दिसलं नसणार, त्याला फक्त चेंडू दिसत होता.

घरी जाऊन जेवायचं सोडून मी ओंकारला नरिमन पॉइंटच्या टोकाला नेलं. कारण आजच्या सारखा बर्फाचा पडदा असेल आणि सूर्य ५८ अंशांच्या वर असेल, तर दक्षिणेला क्षितिजाच्या वर आडवा रंगीत पट्टा दिसू शकतो. लोक त्याला 'फायर रेनबो' म्हणतात. आगीशी आणि पावसाशी त्याचा काडीचा संबंध नाही. लंडनवाल्यांना तो फक्त उन्हाळ्यात मिळायची शक्यता, कारण तिथे सूर्य जेमतेम ६२ अंशांपर्यंत चढतो. मुंबईत फेब्रुवारीच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या शेवटापर्यंत भर दुपारी सूर्य ५८ च्या वर असतोच. साडेबाराला तो ६७ अंशांवर होता, समोर मोकळा समुद्र, सगळं जुळलेलं. फक्त पडदा तोवर विरून गेला. ओंकारचं पोट आणि माझा हट्ट यांत शेवटी पोट जिंकलं.

द्वादशी: कुलाबा

मळभ. कुंद, पांढरं, सपाट आभाळ. सूर्य म्हणजे एक फिकट डाग. असा दिवस फुकट घालवण्यापेक्षा कुलाब्याला जाऊन आले, एकटीच. ओंकारचं कॉलेज होतं.

कुलाबा वेधशाळा १८२६ ची. आज ती हवामान खात्याकडे आहे, आत सहज शिरता येत नाही, म्हणून बाहेरूनच बघितली. पण तिच्याबद्दल मला अप्रूप आहे ते तिथल्या चुंबकीय नोंदींमुळे. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावर जो प्रचंड भडका उडाला आणि पृथ्वीवर तारायंत्रं बिघडली, त्या वादळाची जगभरात गाजलेली नोंद कुलाब्याची आहे. तिथल्या माणसांनी डोळ्यांनी वाचून, हाताने लिहिलेल्या आकड्यांत पृथ्वीचं चुंबकीय बल सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरलेलं दिसतं. १९८९ मध्ये कॅनडातलं क्युबेक अंधारात बुडवणाऱ्या वादळाचा जगभरच्या सरासरीने काढलेला आकडा ६०० च्या आत होता. तुलना तंतोतंत नाही, पण अंदाज येतो.

आणि ४ फेब्रुवारी १८७२ ची रात्र! त्या रात्री मुंबईतून ध्रुवीय प्रकाश दिसला. १९ अंश अक्षांशावर. नॉर्वेला लाखभर रुपये खर्चून लोक जे बघायला जातात ते, मुंबईत. तेव्हाच्या वर्तमानपत्रात बातमी आली, समुद्राखालच्या तारेवरचे संदेशही विस्कळीत झाले. रंग बदलत होते, पहाटेपर्यंत चाललं होतं. त्या वेळी शहरात विजेचे दिवे नव्हते हेही ध्यानात घ्यायला हवं; आज तसं वादळ आलं तर पेडर रोडवरून काय दिसेल कुणास ठाऊक. पुढे विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर चुंबकीय यंत्रांना त्यांचा उपद्रव होईल, म्हणून १९०४ मध्ये ते काम अलिबागला हलवलं. ट्राम गेल्या, अलिबागची वेधशाळा अजून आहे.

त्रयोदशी: घारापुरीची लाँच

आजचा दिवस खरा.

गेटवेहून घारापुरीची लाँच धरली. ओंकारने कॉलेजला बुट्टी मारली होती आणि डोळ्यांवर नवाकोरा पोलराइज्ड गॉगल चढवला होता. तो कसा मिरवतोय ते बघून मी म्हटलं, "आण इकडे, तुला शंभर वर्षांपूर्वीचं एक काम करून दाखवते."

१९२१ मध्ये सी. व्ही. रामन इंग्लंडहून 'नारकुंडा' बोटीने परत आले. समुद्र निळा दिसतो तो आकाशाच्या प्रतिबिंबामुळे, असं इंग्रज शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले म्हणून गेले होते. रामन यांना ते पटेना. त्यांच्याकडे निकोल लोलक होता. विशिष्ट कोनातून पाण्याकडे बघताना तो डोळ्यांसमोर फिरवला की पृष्ठभागावरून परावर्तित झालेला उजेड छाटला जातो. आकाशाचं प्रतिबिंब गेलं, तरी निळाई गेली नाही, उलट वाढली. म्हणजे रंग पाण्याच्या रेणूंनीच प्रकाश विखुरल्यामुळे आहे. 'नेचर'ला त्यांनी त्यावर पत्र लिहिलं, त्यावरची तारीख २६ सप्टेंबर आणि पत्ता: एस. एस. नारकुंडा, मुंबई बंदर. पुढे १९३० च्या नोबेलपर्यंत जी वाट गेली तिच्यातला एक टप्पा आम्ही तरंगत होतो त्याच पाण्यावरचा.

बंदराचं पाणी अर्थात निळं नव्हतंच, मातकट होतं. पण प्रयोगाला चालतं. पाण्याच्या सपाटीशी साधारण ३७ अंशांचा कोन धरून खाली बघायचं. गॉगल सरळ धरला की चमक गायब, आणि पाण्याखाली वीतभर खोल काय काय आहे ते दिसायला लागतं: एक जेलीफिश, तिच्यामागे चिप्सचं पाकीट. तोच गॉगल आडव्याचा उभा फिरवला की चकाकी परत, जेलीफिश नाहीशी. शेजारच्या बाकावरचं एक कुटुंबही मग पाळीपाळीने गॉगल मागून बघायला लागलं. त्यांच्या धाकट्या मुलीने पाकिटाबद्दल लाँचवाल्याला जाब विचारला.

लेणी बघितली, माकडांनी ओंकारची काकडी पळवली, त्रिमूर्तीसमोर बसलो. परतलो तेव्हा पाच वाजून गेले होते आणि उरणच्या बाजूला आभाळ काळंनिळं झालं होतं. परतीच्या पावसाचं हे एक बरं असतं. ढग दुपारी घाटावर बनतात आणि पूर्वेकडून पश्चिमेला सरकतात. म्हणजे संध्याकाळी पाऊस पूर्वेला, सूर्य पश्चिमेला, आपण मधे. इंद्रधनुष्याला याहून काय हवं?

गेटवेच्या कठड्याशी थांबलो. ताजची इमारत मागे, आम्ही तिच्या सावलीत. ओंकार म्हणाला, "आपल्यावर ऊनच नाही, कसं दिसेल?" आपल्यावर ऊन असून उपयोग नाही, थेंबांवर हवं. थोड्याच वेळात, बंदराच्या पलीकडच्या पावसात, डावीकडून एक पाय फुटला. मग उजवीकडचा. मग वरची कमान जुळली. इंद्रधनुष्य सूर्याच्या बरोबर उलट्या बिंदूभोवती ४२ अंशांवर पडतं. सूर्य १३ अंशांवर, म्हणजे कमानीचा माथा २९ अंशांवर. सूर्य ४२ च्या वर असला की जमिनीवरून ते दिसतच नाही, म्हणून भर दुपारी इंद्रधनुष्य बघितल्याची कथा कुणी सांगितली तर ऐकून घ्यावी, मानू नये.

बाहेर दुसरं फिकट धनुष्यही होतं, ५१ अंशांवर, रंग उलटे: लाल आत, जांभळा बाहेर. थेंबाच्या पोटात उजेड एकदा उलटून आला की पहिलं, दोनदा उलटला की दुसरं. दोन्हींच्या मधला पट्टा चक्क काळा. इसवी सन २०० च्या सुमाराच्या अलेक्झांडर ऑफ ॲफ्रोडिसियस या टीकाकाराने त्याचं वर्णन केलं, म्हणून तो अलेक्झांडरचा पट्टा. तो भाग मुद्दाम काळवंडलेला नाही. तिथल्या थेंबांकडून एकदा किंवा दोनदा उलटलेला उजेड आपल्याकडे येऊच शकत नाही, एवढंच.

आणि तेवढ्यात ओंकार ओरडला, "मावशी, मधलं गेलं!"

त्याने गॉगल चढवला होता. इंद्रधनुष्याचा उजेड जवळजवळ पूर्ण ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेने थरथरणारा असतो, कमानीच्या रेषेच्या दिशेने. माथ्यावर ती दिशा आडवी, आणि गॉगल आडवंच छाटतो. म्हणून त्याला दोन पाय उभे दिसत होते आणि माथा गायब. मान खांद्याकडे कलती केली की माथा परत येऊन पाय पुसट. एक चाळिशीचे फोटोवाले गृहस्थ, गळ्यात छपाईयंत्र अडकवलेले, आमच्याकडे बघत होते. त्यांनाही गॉगल दिला. "आयला," एवढंच म्हणाले आणि गिऱ्हाईक सोडून मान वाकडी करत उभे राहिले. त्या वेळी गेटवेवर शेकडो माणसं असतील. बहुतेकांची तोंडं ताजकडे किंवा मोबाइलकडे.

चतुर्दशी: मलबार हिल

संध्याकाळी हँगिंग गार्डन. हेतू हिरवी झळक टिपण्याचा. सूर्य स्वच्छ समुद्री क्षितिजाआड जाताना शेवटच्या क्षणी वरच्या कडेला हिरवा ठिपका चमकतो. हवा निळ्या-हिरव्या किरणांना लालपेक्षा किंचित जास्त वाकवते, म्हणून लाल आधी बुडतो. क्षितिजावर हे वाकवणं अर्ध्या अंशाहून जरा जास्त असतं आणि सूर्याचा व्यासही साधारण अर्धा अंश. म्हणजे सूर्याची खालची कड पाण्याला टेकलेली दिसते तेव्हा खरा सूर्य आधीच बुडालेला असतो.

झाडांच्या फटीतून बघत बसलो. सूर्य खालून चेपत गेला, लाल झाला, आणि क्षितिजाच्या दोन बोटं वरच धुरक्यात विरघळला. हिरवी झळक राहिली, सूर्यच नीट बुडाला नाही. कालच्या पावसाने हवा धुतली होती, पण एका दिवसात शहराने ती पुन्हा मळवली. माझं मत विचाराल तर मुंबईतून हिरवी झळक बघायची असेल तर भर पावसाळ्यातली एखादी उघडीप गाठावी, ऑक्टोबरचा नाद सोडावा.

सूर्य गेला आणि गर्दी उठली. भेळेच्या द्रोणांसकट. मला या घाईचं नवल वाटतं, कारण पुढची वीस मिनिटंच बघण्यासारखी असतात आणि तीही दुसऱ्या बाजूला. रस्ता ओलांडून कमला नेहरू पार्कात गेलो. म्हातारीच्या बुटापलीकडच्या सज्जातून चौपाटी आणि मरीन ड्राइव्हची कमान दिसते, तोंड पूर्व-आग्नेयेकडे, सूर्याकडे पाठ. इथे आधी दिसले ते उलटे किरण: गुलाबी-निळ्या पट्ट्या, आभाळभर येऊन पूर्वेच्या एका बिंदूपाशी मिळत जाणाऱ्या. पश्चिमेच्या ढगांच्या सावल्याच त्या, डोक्यावरून पार पूर्वेला पोचलेल्या. सगळ्या एकमेकींना समांतर आहेत; रेल्वेचे रूळ लांबवर जुळल्यासारखे वाटतात तशाच त्या जुळतात.

मग त्या विरल्या आणि क्षितिजावर करडी-निळी पट्टी चढायला लागली, तिच्यावर गुलाबी झालर. करडी पट्टी म्हणजे पृथ्वीची सावली, आपल्याच वातावरणावर पडलेली. गुलाबी झालर म्हणजे सूर्याचा तांबडा झालेला उजेड समोरच्या हवेवरून परत फिरून आलेला. ओंकारने फोटो काढला, त्यात काही धड आलं नाही. चतुर्दशीचा चंद्र सावलीच्या बराच वर येऊन बसला होता. खाली मरीन ड्राइव्हचे दिवे लागले तसं सज्जातल्या सगळ्यांनी "वॉव" केलं. पृथ्वीच्या सावलीला कुणी वॉव केलं नाही.

कोजागिरी: दादर, ताईची गच्ची

दूध आटवण्यात दिवस गेला. रात्री अकराला सगळी बिल्डिंग गच्चीवर. चंद्र जवळपास डोक्यावर, आणि त्याच्यावरून पातळ ढगांच्या लाद्या सरकत होत्या. लादी चंद्राखाली आली की भोवती निळसर-पांढरी तबकडी आणि तिला तपकिरी-लाल कड. लादी सरली की काहीच नाही.

"खळं पडलं गं," तिसऱ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या. "आमच्याकडे म्हणायचे, खळं लांब तर पाऊस जवळ, आणि खळं जवळ तर पाऊस लांब."

मला आजींचं बोलणं फार आवडलं, कारण त्यात दोन वेगळ्या गोष्टी ओळखलेल्या आहेत. लांबचं खळं ओव्हलवर बघितलं ते, बर्फाचं. जवळचं हे, पाण्याच्या थेंबांचं, आणि ते वाकण्यातून नाही, थेंबाच्या कडेने उजेड पसरल्यातून होतं. म्हणून इथे लाल बाहेर, तिथे आत. थेंब जितके बारीक तितकी कडी मोठी: एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे थेंब असतील तर पहिली कडी सुमारे चार अंशांवर, त्याच्या दुप्पट असतील तर दोनावर. एका ढगाची कडी घट्ट होती, मागून आलेल्याची ऐसपैस. आजींना मी विचारलं, "मग उद्या पाऊस?" त्या म्हणाल्या, "जवळचं आहे ना. मग नाही." पातेल्यातलं दूध ढवळायला त्या निघून गेल्या.

चौथ्या मजल्यावरची मुलगी आदल्या दिवशीच दिल्लीहून विमानाने आली होती. तिने मोबाइलवर फोटो दाखवला: खाली पांढरे ढग, त्यांवर विमानाची सावली, सावलीभोवती रंगीत कडी. "हे काय आहे हो, काकू?" हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून दिसतं ते इंद्रवज्र हेच. कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या हवामानावर १८३५ मध्ये छापलेल्या लेखात अशा गोल धनुष्यांचं वर्णन आहे. त्या फोटोत एक गंमत होती. कड्यांचा मध्य विमानाच्या सावलीत पंखाच्या मागे पडला होता. मी म्हटलं, "तू पंखाच्या मागच्या रांगेत बसली होतीस." ती चाट. कड्यांचा मध्य म्हणजे बघणाऱ्याच्या डोळ्यांची सावली, त्यामुळे प्रत्येकाला आपापलं इंद्रवज्र दिसतं. भावोजींनी लगेच पुढच्या प्रवासात खिडकी कुठल्या बाजूची घ्यावी ते विचारलं. सूर्याच्या उलट बाजूची, आणखी कुठली.

प्रतिपदा: वरळी सी फेस

जेमतेम तीन तास झोपून पहाटे वरळीला. ओंकार कुरकुरत आला. पण याच सकाळसाठी मी तिथी धरून आले होते. मुंबईचा समुद्र पश्चिमेला, म्हणून सगळे मावळतीला येतात. पहाटे मात्र उलटं होतं. सूर्य पाठीमागे इमारतींआड, आणि समोर मोकळ्या पाण्यावर पृथ्वीची सावली, बुडत जाणारी. मलबार हिलवरून वर सरकताना बघितली होती ती आता खाली उतरताना, मधे एकही इमारत नाही. कोस्टल रोड झाल्यापासून पाणी जरा लांब गेलंय, पण आभाळ तेवढंच आहे.

सहा वाजून दहा मिनिटांनी करडी पट्टी चार-पाच अंश उंच होती, वर गुलाबी. आणि पौर्णिमेचा चंद्र त्यातच, फिकट पिवळा, किंचित चेपलेला. तो तिथे असणं योगायोग नाही; पौर्णिमेचा चंद्र सूर्यासमोर असतो आणि सावलीही सूर्यासमोरच पडते. दर मिनिटाला पट्टी खचत होती. साडेसहाच्या आत समुद्राला टेकली, रंग गेले, सी लिंकच्या तारांवर ऊन आलं.

पांढऱ्या बुटांतले एक आजोबा जाता-येता आमच्याकडे बघत होते. शेवटी थांबले. "कुणी बुडालं का?"

मी सांगितलं काय बघतोय ते. ते कठड्याला टेकले, बराच वेळ समोर बघितलं. "मी रोज येतो इथं. हे रोज असतं?"

हवा बरी असली की रोज. चंद्र तेवढा रोज नाही.

"आणि संध्याकाळी?"

संध्याकाळी पूर्वेला बघायचं, म्हणजे बंदराच्या बाजूला. ओंकारने त्यांना शिवडीची जेट्टी सुचवली, थंडीत रोहित पक्षीही दिसतात म्हणाला. आजोबांनी शिवडीला जायला प्रभादेवीहून बस कुठली ते विचारलं आणि मग दोघं बस नंबरावरून वाद घालायला लागले.